घोटा आणि दंड : पायांतील रक्ताभिसरणाच्या एका परीक्षेविषयी

१

‘रक्तदाब’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, तो कोणे एके काळी घडवावा लागला होता, ह्याची जाणीव सहसा राहत नाही. हिंदी आणि बंगाली ह्या भाषांनी त्याच कल्पनेसाठी ‘रक्तचाप’ हा शब्द स्वीकारला. तेलुगूने ‘रक्तपोटु’ म्हटले, कन्नडने ‘रक्तदोत्तड’. गुजरातीने ‘लोहीनुं दबाण’ अशी सरळ उकल पसंत केली. मराठी कानाला ‘चाप’ म्हटले की बंदूक आठवते, किंवा ‘चाप लावणे’ हा वाक्प्रचार आठवतो. ‘दाब’ ह्या शब्दाने तसा घोटाळा होत नाही. निवड चांगली झाली, असेच म्हणावे लागेल.

परंतु शब्द रुळला म्हणजे कल्पना पूर्णपणे समजली, असे नव्हे. ‘माझा रक्तदाब एकशे तीस आहे’ असे कोणी म्हणतो, तेव्हा वस्तुतः तो एवढेच सांगत असतो की, त्याच्या एका दंडातील एका रक्तवाहिनीत, एका विशिष्ट वेळी, इतका दाब आढळला. एका अवयवाचा आकडा सबंध देहाच्या नावे मांडण्याचा हा प्रकार साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. अवयवावरून अवयवीचा बोध होणे, हा लक्षणेचा एक सर्वपरिचित प्रकार होय. दैनंदिन व्यवहारात ही लक्षणा चालून जाते, कारण निरोगी माणसाच्या देहात मोठ्या रक्तवाहिन्यांचे मार्ग मोकळे असतात आणि दंडावर जे आढळते त्याच्याशी इतर ठिकाणचा दाब मिळताजुळता असतो. पायांकडे जाणाऱ्या वाहिन्या आतून अरुंद झाल्या की मात्र ही लक्षणा फसते. दंडावरचा आकडा निर्दोष दिसतो आणि पाय उपाशी राहतात.

ही फसगत उघडकीस आणणारी एक साधी परीक्षा वैद्यकात आहे. घोट्यापाशी रक्तदाब मोजावयाचा, दंडावर मोजावयाचा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावयाचे. येणाऱ्या भागाकाराला प्रस्तुत लेखात ‘घोटा-दंड गुणोत्तर’ असे म्हटले आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत ह्या परीक्षेची माहिती विपुल मिळते. भारतीय भाषांच्या नियतकालिकात तिचा विचार करण्याचे प्रयोजन वेगळे आहे. ही परीक्षा करावी की नाही, हे बहुतेक वेळा रुग्णाच्या एखाद्या वाक्यावरून ठरते. आणि ते वाक्य मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये किंवा संथाळीत उच्चारले जाते. ते कसे बोलले जाते आणि कसे ऐकले जाते, ह्यावर कधी कधी पाय राहणे वा जाणे अवलंबून असते.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत ‘पाय’ हा शब्द कमरेखालच्या सबंध अवयवाला लागतो आणि जमिनीवर टेकणाऱ्या भागालाही लागतो. ‘पायाला काटा लागला’ आणि ‘पाय मोडला’ ह्या दोन वाक्यांतील पाय एक नव्हेत. गुजराती ‘पग’ आणि बंगाली ‘पा’ ह्यांचीही स्थिती अशीच आहे. हिंदीत ‘टाँग’ हा वेगळा शब्द उपलब्ध असला, तरी ‘पैर’ पुष्कळदा दोन्ही कामे करतो. मराठीला नेमकेपणा हवा असेल तर मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, पाऊल, चवडा असे शब्द हाताशी आहेत. परंतु दुखणे सांगताना माणूस त्यांचा आश्रय क्वचितच घेतो. ‘पाय दुखतात’ एवढ्यावर त्याचे भागते.

संस्कृतकडे वळावे, तर तेथे दुसरीच अडचण उभी राहते. ‘जंघा’ म्हणजे संस्कृतात गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. मांडीला ‘ऊरु’ असा स्वतंत्र शब्द आहे. हिंदीतील ‘जाँघ’ मात्र वर सरकून मांडी झाली, आणि मराठीतील ‘जांघ’ आणखी वर सरकून मांडीच्या सांध्यापाशी येऊन थांबली. तेव्हा ‘जंघेत वेदना’ असे कोणी परिभाषेच्या शिस्तीत लिहिले, तर वाचणाऱ्याच्या मातृभाषेप्रमाणे ती वेदना तीन निरनिराळ्या जागी जाईल. घोट्यासाठी ‘गुल्फ’ हा संस्कृत शब्द सुश्रुताने मर्मस्थानांच्या गणनेत घेतला आहे. परंतु ‘घोटा’ हा शब्द घरोघरी वापरला जात असताना ‘गुल्फ’चा आग्रह धरण्यात काही स्वारस्य नाही. हाच न्याय ‘दंड’ ह्या शब्दाला लावावा. खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागाला मराठीत ‘दंड’ असा अचूक शब्द असताना ‘बाहू’ कशाला?

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न रक्तवाहिन्यांच्या नावांचा आहे. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी आणि शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणारी वाहिनी, ह्यांत भेद करणे आवश्यक असते. हिंदीने त्यांसाठी ‘धमनी’ आणि ‘शिरा’ हे शब्द घेतले. मराठी शास्त्रीय लेखनात, विशेषतः मराठी विश्वकोशात, ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ ही जोडी रूढ आहे. तांबडी ती रोहिणी आणि निळी ती नीला, अशी ही रंगांवरून केलेली विभागणी. ही नावे सुश्रुतसंहितेतच सापडतात. तेथे सिरांचे चार वर्ग सांगताना वात, पित्त, कफ आणि रक्त वाहणाऱ्या सिरांना अनुक्रमे अरुणा, नीला, गौरी आणि रोहिणी म्हटले आहे. म्हणजे जुनी नावे आधुनिक परिभाषाकारांनी नव्या अर्थाने वापरात आणली. ‘धमनी’चा इतिहासही असाच उद्बोधक आहे. तिच्या मुळाशी फुंकण्याचा अर्थ असलेला धातू आहे. आणि ग्रीकांनी रोहिणीला जे नाव दिले तेही मूळचे श्वासनलिकेचे, वायू वाहणाऱ्या नळीचे. मृतदेहात ह्या वाहिन्या बहुधा रिकाम्या आढळत, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

लोकभाषेत मात्र हा भेद नाही. मराठी माणसाची ‘शीर’ आणि हिंदी माणसाची ‘नस’ ही रोहिणी असू शकते, नीला असू शकते, मज्जातंतू असू शकतो, किंवा स्नायूला जोडणारी दोरीही असू शकते. ‘पायाची शीर आखडली’ ह्या वाक्यातून वैद्याला चारही शक्यता ऐकू आल्या पाहिजेत. ह्या संदिग्धतेतून काय अनर्थ ओढवू शकतो, हे पुढे दिसेल.

३

घोट्यापाशी दाब किती असावा? सामान्य तर्क असा की, हृदयापासून दूर जावे तसा दाब कमी होत जावा. प्रत्यक्षात निरोगी माणूस आडवा झोपलेला असताना त्याच्या घोट्यापाशीचा वरचा, म्हणजे हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा, दाब दंडावरील दाबाइतका किंवा त्याहून थोडा अधिकच भरतो. ह्याचे कारण असे की, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त पुढे सरकते, तशी दाबाची एक लाटही रोहिण्यांच्या भिंतींवरून धावत जाते. हृदयापासून दूरच्या रोहिण्या अरुंद आणि अधिक ताठर असतात, आणि त्यांच्या बारीक शाखांवर आदळून ही लाट काही प्रमाणात परत फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळून लाटेचा माथा उंचावतो. सरासरी दाब किंचित उतरलेलाच असतो. माथा मात्र चढलेला असतो. परीक्षेत आपण माथाच मोजतो.

झोपलेल्या स्थितीचा उल्लेख सहेतुक आहे. माणूस उभा राहिला की हृदय आणि घोटा ह्यांच्यामधील रक्ताच्या स्तंभाचे वजन घोट्यावर पडते. एक मीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७७ मिलिमीटरांइतका होतो. उभ्याने वा बसून घेतलेले माप म्हणूनच ह्या कामी निरुपयोगी ठरते. त्यात उंचीचीच भर जास्त असते.

आता वाटेत अडथळा आहे, असे समजू. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे गणित उपजत कळते. पाटात मध्येच दरड कोसळली, तर पाणी सुटते त्या तोंडापाशी काहीच जाणवत नाही. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ते आधी कळते. दंड हा पाटाच्या तोंडाजवळचा मळा आणि घोटा हे शेवटचे शेत. रोहिणीच्या आतल्या अस्तरात मेदाचे आणि तंतूंचे थर साचून मार्ग आकुंचित झाला की अडथळ्याच्या पलीकडे दाब उतरतो.

परंतु ह्यात एक मेख आहे. वाहिनीचा व्यास साधारणतः निम्म्यावर येईपर्यंत विश्रांतीच्या वेळी दाबात फारसा फरक दिसत नाही. शिवाय शेजारच्या लहान वाहिन्या रुंदावून पर्यायी मार्ग तयार करतात. प्वाझय ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले की, अरुंद नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. म्हणजे इतर सर्व गोष्टी समान असता त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. देहातील रोहिणी ही काचेची सरळ नळी नव्हे, त्यामुळे हा नियम तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि थोड्या अरुंदपणाने पुष्कळ नुकसान का होते आणि ते एका टप्प्यानंतर एकाएकी का वाढते, हे त्यावरून उमगते. चालू लागल्यावर पोटरीच्या स्नायूंची रक्ताची गरज कित्येक पटींनी वाढते. अडथळा ती भागवू देत नाही, स्नायू तक्रार करतात, माणूस थांबतो. दोन-चार मिनिटांत तक्रार शमते आणि तो पुन्हा चालू लागतो. तितकेच अंतर गेल्यावर तोच अनुभव पुन्हा येतो.

४

ह्या लक्षणाच्या आणि ह्या मोजमापाच्या, दोहोंच्या इतिहासारंभी घोडा आहे, हा एक योगायोगच म्हणावयाचा. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स ह्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोडीवरील प्रयोगाचे वर्णन आहे. त्याने तिच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी बसवून तिला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त आठ फूट तीन इंचांपर्यंत चढलेले पाहिले. म्हणजे रक्तदाबाचे हे आद्य मापन पायातच झाले. पुढे १८३१ मध्ये बुले ह्या फ्रेंच पशुवैद्याने, थोडे चालल्यावर लंगडणाऱ्या आणि विसाव्यानंतर पूर्ववत् चालणाऱ्या घोड्याची हकीकत नोंदवली. त्याच्या पायाची रोहिणी बंद झालेली होती. माणसातील हेच लक्षण शार्को ह्याने १८५८ मध्ये वर्णिले. युरोपीय वैद्यकात त्याला मिळालेले नाव लंगडण्याच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे. मराठीत त्याला ‘थांबून थांबून येणारे लंगडेपण’ म्हणता येईल. परंतु हे रुग्ण पुष्कळदा लंगडत नाहीत, नुसते थांबतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. नाव घोड्याला जितके शोभते तितके माणसाला शोभत नाही.

दंडाभोवती पट्टा बांधून तो हवेने फुगवण्याची युक्ती इटलीतील रिव्हा-रोची ह्याने १८९६ मध्ये मांडली. १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य निकोलाय कोरोटकोव्ह ह्याने पट्ट्याखाली कान देऊन ध्वनी ऐकण्याची पद्धत सुचवली, आणि तीच पुढे जगभर चालली. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कोरोटकोव्हच्या अभ्यासाचा मूळ विषय रक्तदाब हा नव्हताच. युद्धात जखमी झालेल्यांच्या हातापायांच्या रोहिण्या आणि त्यांना मिळणारे पर्यायी रक्त, हा त्याच्या कुतूहलाचा विषय होता. अवयव वाचेल की नाही, ह्या चिंतेतून निघालेली पद्धत कालांतराने दंडापुरती मर्यादित झाली.

ती पायाकडे परत येण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. १९५० मध्ये अमेरिकेतील ट्रॅव्हिस विन्सर ह्याने हातापायांच्या निरनिराळ्या पातळ्यांवरील दाबांची तुलना करून, रोहिणीच्या विकारात घोट्यापाशीचा दाब उतरतो, हे दाखवून दिले. अडचण होती ती मापनाची. घोट्यापाशी कोरोटकोव्हचे ध्वनी नळीने नीट ऐकू येत नाहीत. ती दूर केली डॉप्लरच्या तत्त्वाने. क्रिस्टियन डॉप्लर ह्याने १८४२ मध्ये जोडताऱ्यांच्या प्रकाशाविषयी जो विचार मांडला, त्याचा उपयोग जपानमधील सातोमुरा ह्याने १९५० नंतरच्या दशकात देहातील हालचाली आणि रक्तप्रवाह ओळखण्याकडे केला. कानाला ऐकू न येणारा ध्वनी त्वचेतून आत सोडावयाचा; वाहत्या रक्तकणांवरून परतताना त्याची कंपनसंख्या बदलते; तो बदल यंत्राने ऐकण्याजोगा करावयाचा. १९६९ मध्ये लंडनमध्ये याओ आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या साधनाने घोट्याचा दाब मोजून, त्याचे दंडाच्या दाबाशी असलेले प्रमाण विकाराच्या तीव्रतेबरोबर कसे घसरत जाते, ह्याची पद्धतशीर मांडणी केली. आजची परीक्षा मूलतः तीच आहे.

५

परीक्षेची कृती अशी. रुग्णाने पाच ते दहा मिनिटे शांतपणे उताणे पडून राहावे. त्यापूर्वी त्याने धूम्रपान केलेले नसावे आणि खोली फार थंड नसावी. दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांच्या किंचित वर योग्य रुंदीचे पट्टे बांधावेत. प्रत्येक पायाच्या दोन रोहिण्या तपासावयाच्या असतात. एक आतल्या घोट्याच्या मागून जाते, दुसरी पावलाच्या पाठीवरून. त्वचेवर ओलसर लेप लावून डॉप्लरची कांडी तिरपी धरली की ठोक्याबरोबर येणारा ‘सूं-सूं’ असा आवाज ऐकू येतो. पट्टा फुगवीत गेले की आवाज नाहीसा होतो. त्याच्याही वर सुमारे २० मिलिमीटर दाब चढवून मग हवा हळूहळू सोडावी. आवाज ज्या आकड्यावर परत येतो तो त्या रोहिणीचा वरचा दाब. हाच क्रम दोन्ही दंडांवर करावयाचा.

आता भागाकार. समजा, उजव्या दंडावर १३६ आणि डाव्या दंडावर १३० मिलिमीटर असे आकडे आले. उजव्या पायाच्या दोन रोहिण्यांत १४२ आणि १३८, तर डाव्या पायात ९२ आणि ८४ आले. दंडांपैकी मोठा आकडा घ्यावयाचा, म्हणजे १३६. प्रत्येक पायाचाही मोठा आकडा घ्यावयाचा. उजव्या पायाचे गुणोत्तर १४२ भागिले १३६, म्हणजे १.०४, डाव्या पायाचे ९२ भागिले १३६, म्हणजे ०.६८. उजवा पाय निरोगी, डाव्याच्या वाटेत अडथळा, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही दंड का मोजावयाचे, असा प्रश्न येथे पडेल. दंडाकडे जाणारी रोहिणीही कधी कधी अरुंद असते. समजा, डाव्या दंडावर केवळ १०० मिलिमीटर दाब असता आणि तेवढाच मोजला असता, तर ९२ भागिले १००, म्हणजे ०.९२ असे गुणोत्तर येऊन आजारी पाय जवळजवळ निरोगी ठरला असता. ज्या मापाने मोजावयाचे ते माप आधी तपासून घ्यावे, हा जुना व्यापारी न्याय येथेही लागू पडतो.

गुणोत्तर १.०० ते १.४० ह्या मर्यादेत असेल तर ते सर्वसाधारण मानतात. ०.९१ ते ०.९९ ही सीमारेषा. ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर पायाच्या रोहिण्यांत विकार आहे असे धरतात, आणि ०.४० च्या खाली तो गंभीर समजला जातो. लक्षणे बोलकी असूनही विश्रांतीच्या वेळचा आकडा ठीक आला, तर रुग्णाला चालावयास लावून पुन्हा मोजतात. चालण्यानंतर घोट्याचा दाब ३० मिलिमीटरांहून अधिक किंवा गुणोत्तर २० टक्क्यांहून अधिक उतरले, तर लपलेला अडथळा उघड होतो.

१.४० च्या वरचा आकडा हा उत्तम आरोग्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. दीर्घकाळच्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात रोहिणीच्या भिंतीच्या मधल्या थरात चुना साचतो. १९०३ मध्ये म्योन्केबर्ग ह्याने ह्या प्रकाराचे वर्णन केले. अशी चुनखडी झालेली वाहिनी पट्ट्याच्या दाबाखाली चेपतच नाही, आणि आकडा खोटाच चढतो. त्याहून फसवी स्थिती अशी की, वाहिनी अरुंदही असते आणि ताठरही असते. एकाने आकडा उतरतो, दुसऱ्याने चढतो, आणि बेरीज-वजाबाकी होऊन गुणोत्तर अगदी साजरे दिसते. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण तेथील बारीक वाहिन्यांत चुना कमी साचतो. अंगठा आणि दंड ह्यांचे गुणोत्तर ०.७० किंवा त्याहून कमी असेल तर ते सदोष मानतात.

६

ह्या परीक्षेचे महत्त्व पायापुरते नाही. पायाच्या रोहिण्यांत जो विकार आढळतो तोच बहुधा हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांतही चालू असतो. अनेक देशांतील सोळा दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असणाऱ्यांत दहा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, सर्वसाधारण गुणोत्तर असणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. जगात २०१० साली ह्या विकाराचे सुमारे २० कोटी रुग्ण असावेत, असा अंदाज २०१३ मध्ये मांडण्यात आला. चेन्नईतील एका नागरी वस्तीच्या पाहणीत, तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, सर्व प्रौढांत ३.२ टक्के, तर मधुमेह्यांत ६.३ टक्के लोकांना हा विकार आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने भारतातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख सांगितली आहे. ह्या दोन आकड्यांचा सरळ गुणाकार करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि प्रश्नाचे आकारमान त्यांवरून ध्यानात यावे. ह्याखेरीज तंबाखूशी निगडित असा एक वेगळा विकार आहे. लिओ बर्गर ह्याने १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तो तरुण वयात हातापायांच्या लहान रोहिण्या बंद पाडतो, आणि विडीचे व्यसन असलेल्या आपल्या देशातील कष्टकऱ्यांत तो पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो.

सर्वांनीच ही परीक्षा करून घ्यावी, असे मात्र नाही. लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांत ती सरसकट करण्याने लाभ होतो की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असे मत अमेरिकेतील प्रतिबंधक वैद्यकाच्या अधिकृत मंडळाने २०१८ मध्ये दिले. ज्यांना लक्षणे आहेत, ज्यांच्या पावलावरची जखम भरत नाही, ज्यांना दीर्घकाळचा मधुमेह वा तंबाखूचे व्यसन आहे, त्यांच्यासाठी ती आहे.

७

येथे पुन्हा भाषेचा प्रश्न उभा राहतो. लक्षणे आहेत की नाहीत, हे विचारल्याखेरीज कळत नाही. आणि विचारावयाचे ते कोणत्या शब्दांत? जिऑफ्री रोझ ह्या इंग्रज वैद्याने १९६२ मध्ये ह्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. चालताना पायात वेदना होतात का, त्या बसल्या वा उभ्या असतानाही सुरू होतात का, पोटरीत होतात का, थांबल्यावर दहा मिनिटांत जातात का, अशा स्वरूपाचे प्रश्न तिच्यात आहेत. तिच्यातून पुष्कळ खरे रुग्ण निसटतात, असे पुढे आढळून आले आणि १९९२ मध्ये एडिंबरो येथे तिची सुधारलेली आवृत्ती सिद्ध झाली. निसटण्याची काही कारणे वैद्यकीय आहेत. अनेक रुग्णांत ठरावीक लक्षण उमटतच नाही. परंतु अशी प्रश्नावली भारतीय भाषांत आणताना आणखी एक कारण त्यात मिळते.

‘वेदना’ हा शब्द घ्या. पाय दुखतात का, असे विचारल्यावर मराठी खेड्यातील वृद्ध ‘नाही’ म्हणेल, आणि ते उत्तर त्याच्या भाषेत अगदी खरे असेल. त्याचे पाय दुखत नाहीत; ते भरून येतात, जड होतात, ओढतात, शिणतात, गळून जातात. त्याच्या पोटरीत गोळा येतो, वांब येतो, पेटके येतात. ठणकणे निराळे, कळ येणे निराळे, आग होणे निराळे, मुंग्या येणे निराळे. मराठीने वेदनेच्या छटांसाठी इतकी क्रियापदे राखली आहेत की, एक सर्वसामान्य नाम पुढे केले तर त्या सर्व छटा त्यातून गळून पडतात. इंग्रजीत पुरणारा प्रश्न मराठीत अपुरा पडतो. आणि तो मराठीच्या दारिद्र्यामुळे नव्हे, तर समृद्धीमुळे अपुरा पडतो. अनुवादाच्या चर्चेत आपण शब्द सापडत नाही म्हणून होणाऱ्या हानीचा विचार करतो. शब्द पुष्कळ असल्यामुळे होणारी हानी क्वचितच विचारात घेतो.

दुसरी गोष्ट कारणमीमांसेची. ‘वातानं पाय धरलेत’, ‘आता वय झालं’ अशी वाक्ये तक्रारीबरोबरच तिचे उत्तरही देऊन टाकतात, आणि ऐकणाऱ्याने पुढे काही विचारण्याची सोय उरत नाही. तिसरी गोष्ट अशी की, माणूस नकळत आपले चालणे कमी करतो. वेशीपर्यंत जाणारा पारापर्यंत जाऊ लागतो, पारापर्यंत जाणारा ओट्यावर बसतो. मग त्याला काहीच होत नाही, कारण तो चालतच नाही. तेव्हा ‘दुखते का’ ह्याऐवजी ‘पूर्वी एका दमात कुठवर जात होता, आता कुठवर जाता, आणि मध्ये थांबावेसे का वाटते’ असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. हे भाषांतर नव्हे. परंतु मूळ प्रश्नाचे प्रयोजन ह्यानेच साधते.

‘शीर’ आणि ‘नस’ ह्या शब्दांच्या संदिग्धतेचा परिणाम येथे सर्वांत गंभीर होतो. नीलांच्या विकारात पाय सुजतो, घोट्याजवळ व्रण होतो, आणि पाय उंचावर ठेवल्याने व घट्ट पट्टी बांधल्याने बरे वाटते. रोहिण्यांच्या विकारात नेमके उलटे. विकार बळावला की रात्री अंथरुणात पाऊल ठणकते आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर उतार पडतो. तेथे घट्ट पट्टी बांधणे म्हणजे उरलेसुरले रक्तही अडवणे. ‘शिरेचा त्रास आहे, पट्टी बांधा’ हा शेजाऱ्याचा सल्ला एकाला तारतो आणि दुसऱ्याचे पाऊल काळे पाडतो. म्हणूनच पायावरील व्रणाला घट्ट पट्टी बांधण्यापूर्वी घोटा-दंड गुणोत्तर पाहण्याचा दंडक आहे. जेथे भाषा भेद करीत नाही, तेथे हा आकडा तो करतो.

विकार वेळीच कळला तर करण्याजोगे पुष्कळ आहे. तंबाखू सोडणे, रक्तातील मेद, साखर आणि दाब आटोक्यात ठेवणे, गुठळ्या न होण्याची औषधे घेणे, आणि देखरेखीखाली नियमाने चालणे, वेदना येईपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणे, ह्यांनी बहुतेकांचे चालण्याचे अंतर वाढते. ज्यांना एवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी वाहिनी आतून रुंद करण्याचे अथवा पर्यायी मार्ग जोडण्याचे उपाय आहेत. उशिरा कळले तर कधी कधी पाय कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये आणि केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. ह्या संस्थांनी आणि विश्वकोशकारांनी वैद्याने वैद्याशी बोलण्याची भाषा सिद्ध केली. रोहिणी आणि नीला आपल्याला त्या परिश्रमांतून मिळाल्या. रुग्णाने वैद्याशी बोलण्याच्या भाषेचा कोश मात्र अद्याप व्हावयाचा आहे. भरून येणे, वळणे, ओढणे, गळणे, ठणकणे ह्या क्रियापदांची, त्यांच्या बोलीगत रूपांची आणि इतर भारतीय भाषांतील त्यांच्या सोयरिकींची नोंद हे काम वैद्याचे एकट्याचे नाही. बोलींचे आणि साहित्याचे अभ्यासक ते अधिक चांगले करू शकतील, कारण एखादा शब्द माणूस कोणत्या प्रसंगी वापरतो आणि कोणत्या प्रसंगी टाळतो, हे पाहण्याची सवय त्यांना आहे. घोट्यावर पट्टा बांधण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे. तो कोणाच्या घोट्यावर बांधावयाचा, हे त्याआधीच्या संभाषणात ठरते.